वानखेडेवर एजाजने भारताला हरवले, त्या संध्याकाळी मी कोणाच्या बाजूने होते?

कृष्णाकाठ (ऑकलंड)

नमस्कार.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली, संगम माहुलीजवळच्या एका गावातली. गेली बारा वर्षे ऑकलंडमध्ये राहते आणि वृद्धांच्या शुश्रूषागृहात परिचारिका म्हणून काम करते. क्रिकेटची गोडी मला वडिलांकडून लागली. गावात वीज गेली की ते ट्रान्झिस्टर घेऊन ओट्यावर बसत आणि मी शेजारी बसून प्रत्येक षटकाच्या धावा वहीत उतरवून घेत असे. इतक्या वर्षांत देश बदलला, काम बदलले, बोलण्याची भाषाही दिवसातले दहा तास बदलली, पण सामना सुरू झाला की मी अजूनही त्याच ओट्यावर असते. निदान 3 नोव्हेंबर 2024 पर्यंत मी तसे समजत होते.

त्या दिवशी भाऊबीज होती. आमच्याकडे चार मराठी कुटुंबे फराळाला आली होती. लेकीने धाकट्या भावाला ओवाळले, तबक टीपॉयवर ठेवले आणि सगळे मुंबईच्या कसोटीचा तिसरा दिवस पाहायला बसले. भारताला जिंकायला 147 धावा हव्या होत्या आणि 29 धावांत 5 गडी बाद झाले होते. ऋषभ पंत लढत होता, तो 64 वर गेला आणि रात्री आठनंतर न्यूझीलंडच्या एजाज पटेलने वॉशिंग्टन सुंदरचा त्रिफळा उडवून भारताचा डाव 121 वर संपवला. भारतात येऊन तीन कसोटींच्या मालिकेतले तिन्ही सामने जिंकणारा न्यूझीलंड हा पहिला संघ ठरला. खोलीतली मोठी माणसे गप्प झाली. माझा अकरा वर्षांचा मुलगा मात्र पाटावरून उठला आणि कपाळाचे ओले कुंकू तसेच ठेवून "एजाज, एजाज" म्हणत नाचू लागला. तो इथेच जन्मला आहे, शनिवारी क्लबकडून खेळतो आणि एजाजसारखीच डावखुरी फिरकी टाकतो. पाहुण्यांपैकी एक काका त्याला समजावणीच्या सुरात म्हणाले, "अरे, आपला संघ हरला." त्याने विचारले, "आपला म्हणजे कुठला?" त्याला खरोखरच उत्तर हवे होते, आणि ते कोणीच दिले नाही. मीही दिले नाही.

मला पराभवाचे दुःख झाले होते, हे खरे आहे. पण मुंबईत जन्मलेला आणि आठ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर इथे आलेला मुलगा आपल्याच जन्मगावी, आपल्याच मैदानावर 11 बळी घेऊन उभा आहे हे पाहून माझा ऊर भरून आला होता, हेही तितकेच खरे आहे. हे दोन्ही एकाच वेळी कसे होते, ते मला कळेना.

थोड्या वेळाने आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर एका नातेवाइकांनी एजाजबद्दल लिहिले. त्यांनी त्याच्या गोलंदाजीबद्दल अवाक्षर काढले नाही. त्याचा धर्म काढला आणि त्याला गद्दार म्हटले. तिघांनी त्यावर अंगठे दिले. मी ते वाचले, फोन पालथा ठेवला आणि करंज्यांचे ताट घेऊन बाहेर गेले. मी काहीही लिहिले नाही, आणि ती गोष्ट आज महिना झाला तरी मला सोडत नाही.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. माझा नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाला असून जानेवारीत शपथविधी आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे निळा पासपोर्ट परत करावा लागेल. नंतर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळेल, पण मतदान करता येणार नाही आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही. इथली शपथ राजे तिसरे चार्ल्स आणि त्यांचे वारस यांच्याशी एकनिष्ठ राहण्याची आहे. माझे आजोबा वयाच्या अठराव्या वर्षी नाना पाटलांच्या प्रतिसरकारात निरोप पोचवण्याचे काम करीत होते. त्या शपथेचा कागद हातात आला तेव्हा मी तो दोन दिवस देवघराच्या खणात ठेवला होता.

आणि आयपीएलबद्दलही लिहायला हवे. एप्रिल-मे महिन्यांत मी पहाटे दोनचा गजर लावून उठते, कारण तिकडचे साडेसात म्हणजे इकडचे दोन. मला ते सामने मनापासून आवडतात. परंतु परवा जेद्दाहमध्ये लिलाव झाला, पंतला 27 कोटी रुपये मिळाले, आणि माझ्या मुलाला प्रत्येक खेळाडूची किंमत तोंडपाठ झाली आहे. माणसाची किंमत पैशांत करू नये, जुगाराच्या वाटेला जाऊ नये, असे मी त्याला दिवसा सांगते आणि रात्री ज्या खेळाला जागते त्यात दर षटकानंतर याच दोन गोष्टींचा पुकारा चाललेला असतो.

परदेशात राहणाऱ्या आणि न राहणाऱ्याही मंडळींना विचारावेसे वाटते: भारत जिंकल्यावर मला जो आनंद होतो, त्यात त्या आनंदाभोवती जमलेल्या सगळ्या गोष्टींना माझी संमती आहे असे धरायचे का? शपथ घेतल्यानंतर तो आनंद मला कोणत्या हक्काने होईल? आणि मुलाला मी काय उत्तर द्यायला हवे होते?

जुना वेलिंग्टनकर

आपले लिखाण दोनदा वाचले. मी 1978 मध्ये नोकरीनिमित्त वेलिंग्टनला आलो, तेव्हा इथे मराठी घरे बोटांवर मोजण्याइतकी होती. तुमच्या पहिल्या प्रश्नाला या देशाने एकदा फार मोठी किंमत देऊन उत्तर शोधले आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

1981 च्या हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आला. तिथे वर्णभेदाचे राज्य होते आणि रग्बी हा इथला जीव की प्राण. पूर्वी दक्षिण आफ्रिकेला जाताना इथल्या संघातून माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजाच्या, खेळाडूंना वगळले जात असे, आणि 1960 मध्येच "माओरी नाहीत तर दौरा नाही" अशी घोषणा रस्त्यावर आली होती. 1981 मध्ये 56 दिवस हा देश दोन भागांत फाटला. दीड लाखांहून अधिक लोक निदर्शनांत उतरले, तेही तीस-बत्तीस लाख लोकवस्तीच्या देशात. 25 जुलै रोजी हॅमिल्टनमध्ये निदर्शक कुंपण मोडून मैदानात घुसले आणि सामना रद्द झाला. चारच दिवसांनी आमच्या वेलिंग्टनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीटवर पोलिसांनी मोर्च्यावर दंडुके चालवले. शेवटच्या सामन्यात ऑकलंडच्या ईडन पार्कवर एका छोट्या विमानातून पिठाच्या पुड्या टाकल्या जात होत्या आणि खाली खेळ चालू होता.

माझे शेजारी त्या वेळी साठीचे होते. तरुणपणी ते स्वतः रग्बी खेळलेले होते आणि शनिवारी दुपारी त्यांच्या घरात रेडिओशिवाय दुसरा आवाज नसे. त्यांच्याकडे वेलिंग्टनच्या कसोटीची दोन तिकिटे होती. सामन्याच्या दिवशी सकाळी मी त्यांना कुंपणापाशी पाहिले, तर ते डोक्यावर मोटारसायकलचे हेल्मेट घालून मोर्च्याला निघाले होते, कारण दंडुक्यांपासून बचाव करायचा म्हणून लोक तसे जात. तिकिटे स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलेली होती. त्यांनी ती विकली नाहीत आणि फाडलीही नाहीत. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले की रग्बीवर माझे प्रेम नसते तर मी आज घरीच बसलो असतो. त्यांचा मुलगा मात्र त्या दिवशी प्रेक्षकांत होता आणि पुढे कित्येक महिने बापलेकांचे बोलणे बंद होते.

हे मी गोष्ट म्हणून सांगत नाही. आपल्या देशाच्या पदरीही असे एक उदाहरण आहे, आणि ते मला त्या वर्षी फार आधाराचे वाटले होते: 1974 मध्ये भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला होता, समोर दक्षिण आफ्रिका होती, आणि चषक हातातोंडाशी आलेला असताना भारताने खेळायला नकार दिला. टेनिसवर त्या खेळाडूंचे प्रेम कमी नव्हते.

तेव्हा आनंदात संमती धरलेली आहे का, याचे माझे उत्तर असे आहे की आनंदात ती नसते, पण गप्प बसण्यात ती धरली जाते. तुम्ही करंज्यांचे ताट घेऊन बाहेर गेलात हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे, त्यामुळे मी अधिक लिहीत नाही.

शपथेविषयी थोडे लिहितो. मीही ती घेतली आहे, तेव्हा राणी होती. माझे वडील खादी वापरणारे होते, त्यांना पत्राने कळवताना माझा हात अडखळला होता. पण इथे बरीच वर्षे राहिल्यावर एक गोष्ट समजली. 6 फेब्रुवारी 1840 रोजी वाइटांगी येथे माओरी प्रमुखांनी जो करार केला तो इंग्लंडच्या राजसत्तेशी केला, आणि आजही माओरी समाज आपल्या जमिनींचा आणि भाषेचा हक्क मागताना "तुम्ही शब्द दिला होता" असे त्याच राजसत्तेला सुनावतो. त्यामुळे इथे राजा हा शब्द उच्चारताना त्या शब्दाची, आणि तो कितीदा मोडला गेला याचीही, जबाबदारी आपल्या अंगावर येते. तुमच्या आजोबांना ती बाजू परकी वाटली नसती असे मला वाटते. देवाचे नाव घ्यायचे नसेल तर शपथेऐवजी नुसते प्रतिज्ञापूर्वक कथन करता येते, तेवढे शपथविधीआधी पाहून घ्या.

जोगेश्वरी पूर्व

एजाज पटेलचे घर आमच्या जोगेश्वरीतले, त्यामुळे मी या चर्चेत थोडा हक्काने शिरतो आहे.

4 डिसेंबर 2021 रोजी मी वानखेडेवर होतो. एजाजने 119 धावांत भारताचे दहाही गडी बाद केले. जिम लेकर आणि अनिल कुंबळे यांच्यानंतर कसोटीच्या इतिहासात हे करणारा तो तिसरा. शेवटचा झेल उडाला तेव्हा आमच्या आसपासचे लोक क्षणभर श्वास रोखून होते, कारण तो झेल सुटावा की पकडला जावा हेच कोणाला ठरवता येत नव्हते. झेल पकडला गेला आणि सगळे उभे राहिले. तासाभरापूर्वी जे लोक भारताच्या प्रत्येक चौकारावर ओरडत होते तेच टाळ्या वाजवत होते. पुढे त्याच दिवशी न्यूझीलंडचा संघ 62 धावांत गारद झाला आणि सामना भारतानेच जिंकला, तरी घरी परतताना लोकलमध्ये बोलणे चालले होते ते एजाजचेच. न्यूझीलंडने मायदेशातल्या लगेचच्या मालिकेसाठी त्याला संघात घेतले नाही, कारण तिथल्या हिरव्या खेळपट्ट्यांवर फिरकीचे काम नसते. दोन्ही देशांत त्याला आपली जागा पुन्हा पुन्हा मिळवावी लागली आहे, हे त्याला गद्दार म्हणणाऱ्यांनी पाहावे.

या निमित्ताने एक जुनी गोष्ट लिहितो, कारण आपल्याकडे क्रिकेट पूर्वी निर्मळ होते आणि आता बिघडले असे सहज बोलले जाते. मुंबईतली सर्वांत मोठी स्पर्धा कित्येक दशके धर्माच्या नावाने खेळली जात होती. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपीय आणि उरलेल्यांचा 'द रेस्ट' असे संघ असत. आपल्या सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती असल्यामुळे त्या उरलेल्यांत खेळत. 1943 च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध 'द रेस्ट'च्या 387 धावांपैकी 309 एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. हजारे पुढे भारताचे कर्णधार झाले आणि देशाला पहिला कसोटी विजय त्यांच्याच नेतृत्वाखाली 1952 मध्ये मिळाला. त्याआधी पळवणकर बाळू होते. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर खेळपट्टी तयार करता करता ते त्या काळचे सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज झाले, हिंदू संघाला त्यांच्या बळींवाचून जिंकता येत नव्हते, आणि चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जात असे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही बऱ्याच संघर्षानंतर.

डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला "तू आमच्यातला नाहीस" असे सांगण्याची आपली परंपरा फार जुनी आहे, हे लिहिताना मला वाईट वाटते. पण जानेवारी 1999 मध्ये चेन्नईला पाकिस्तानने भारताला 12 धावांनी हरवल्यावर सगळे मैदान उभे राहिले आणि पाकिस्तानच्या खेळाडूंनी टाळ्यांच्या गजरात मैदानाला फेरी मारली, हीसुद्धा आपलीच परंपरा आहे. तुमच्या मुलाने भाऊबिजेच्या दिवशी जे केले ते चेन्नईच्या त्या प्रेक्षकांनी केले होते. त्याला एवढे सांगावे, आणि बाळूंचेही सांगावे, कारण तो त्यांच्याच जातीची गोलंदाजी टाकतो आहे.

बर्मिंगहॅमहून

मी थोडे वेगळे मत मांडतो. 1990 मध्ये नॉर्मन टेबिट या ब्रिटिश नेत्यांनी म्हटले होते की आशियातून आलेले लोक क्रिकेटमध्ये कोणाच्या बाजूने ओरडतात यावरून त्यांची निष्ठा तपासावी. आम्ही इथे ती 'क्रिकेटची परीक्षा' तीस वर्षे ऐकत आलो आहोत. एजबॅस्टनला भारताचा सामना असला की प्रेक्षकांत बहुतेक निळा रंग असतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर कोणीतरी हसत हसत तोच प्रश्न विचारते.

ताई, तुमच्या घरच्या गटावर त्या गृहस्थांनी एजाजला हीच परीक्षा लावली, आणि तुमच्या खोलीतल्या काकांनी प्रेमाने का होईना, मुलालाही हीच लावली. आता शपथेच्या निमित्ताने तुम्ही ती स्वतःला लावत आहात. "शपथ घेतल्यानंतर तो आनंद मला कोणत्या हक्काने होईल" हा प्रश्न टेबिट यांचा आहे, तो तुमचा नव्हे. आनंदाला परवाना लागत नाही. कर भरणे, कायदा पाळणे, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावणे ही निष्ठेची ठिकाणे आहेत, आणि वृद्धांच्या शुश्रूषागृहात बारा वर्षे काम केलेल्या बाईने ती कधीच सिद्ध केलेली आहे.

लातूरचा शिक्षक

परदेशाचा अनुभव मला नाही, पण आयपीएलबद्दल आपण जे लिहिले आहे त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

2016 च्या एप्रिलमध्ये आमच्या लातुरात नळाला पाणी नव्हते. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. गाडी पाहायला लोक फलाटावर जमले होते आणि काही म्हाताऱ्या बायकांनी इंजिनाला हळदकुंकू लावले. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. खेळपट्ट्यांना पाणी आणि माणसांना नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे होता. मुंबई आणि पुण्याच्या संघांचे नंतरचे 'घरचे' सामने विशाखापट्टणमला झाले आणि अंतिम सामना बंगळुरूला.

त्या दिवसांत आमच्या गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नसे. बहुधा मध्यरात्रीनंतर येई. त्यामुळे घागरी, बादल्या, दुधाचे कॅन ओळीने दाराबाहेर लावून आम्ही जागत बसत असू, आणि जागण्यासाठी सामन्याचे पुनःप्रक्षेपण लावत असू. तुम्ही तिकडे ज्या वेळेला गजर लावून उठता साधारण त्याच वेळेला, म्हणजे घड्याळात दोन वाजता, मी आणि माझा मुलगा एका डोळ्याने पडद्याकडे आणि एका डोळ्याने रस्त्याकडे पाहत बसलेलो असू. सामने हलवल्याने लातूरला एक घागरही जास्त मिळाली नाही, तरीही तो आदेश योग्य होता असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. सामने पाहणे मी सोडले नाही. दोन्ही गोष्टी एकाच घरात राहिल्या. त्यांचा मेळ घालता आला असे मी म्हणणार नाही.

पुढे शाळेत मला याहून मोठी काळजी लागली. 2019-20 पासून आमची नववी-दहावीची मुले वडिलांच्या फोनवर पैसे लावून संघ बनवण्याचे खेळ खेळू लागली. एका मुलाने आईच्या बचत गटाचे साडेतीन हजार रुपये असेच घालवले. तो मला येऊन सांगत होता तेव्हा त्याला रडूही येत नव्हते, फक्त तो हाताची नखे कुरतडत होता. मी त्याला सामने पाहू नकोस असे सांगितले नाही, कारण त्याने ते ऐकले नसते आणि क्रिकेट त्याच्याकडून काढून घेण्याचा मला अधिकारही नव्हता. मी शाळेत धावपत्रकाची वही सुरू केली. आदल्या रात्रीचा सामना ज्याने पाहिला असेल त्याने सकाळी षटकांगणिक लिहून आणायचा, एकेक चेंडू, निर्धाव चेंडूला ठिपका म्हणजे ठिपका. लिहायला लागले की लक्ष जाहिरातीकडून चेंडूकडे येते. किंमत हा रकाना त्या वहीत नाही. ती वही लिहिणाऱ्या मुलांना मी प्रवीण तांबे यांच्याबद्दल सांगतो, की मुंबईचा हा लेगस्पिनर तोवर एकही प्रथम श्रेणी सामना खेळलेला नव्हता आणि 2013 मध्ये वयाच्या 41 व्या वर्षी आयपीएलमध्ये उतरला. ज्या बाजाराला आपण नावे ठेवतो त्याच बाजारात हेही घडले, आणि ते मुलांपासून लपवून ठेवणे मला अप्रामाणिक वाटते.

तुमच्या मुलाला लिलावाचे आकडे पाठ आहेत याची भीती बाळगू नका. त्याला निर्धाव पडलेले चेंडूही पाठ होतात का, तेवढे पाहा.

कृष्णाकाठ (ऑकलंड)

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर देऊ शकले नाही, कारण रात्रपाळी होती आणि त्यातच बरेच काही घडले.

बर्मिंगहॅमच्या दादांचे म्हणणे मला पटले, तरी एका बाबतीत मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. आनंदाला परवाना लागत नाही, हे बरोबर आहे. परंतु शपथेचा प्रश्न टेबिट यांनी माझ्या डोक्यात घातलेला नाही, तो माझ्या आजोबांच्या घरातून आलेला आहे आणि तो मला टाकून द्यायचा नाही. वेलिंग्टनच्या काकांनी वाइटांगीबद्दल जे लिहिले त्यानंतर मी मुलाच्या शाळेची एक वही पुन्हा उघडली. इथे शाळेत माओरी पद्धतीने स्वतःची ओळख करून द्यायला शिकवतात, तिला पेपेहा म्हणतात. आधी आपला डोंगर, मग आपली नदी, मग आपली माणसे, आणि सर्वांत शेवटी स्वतःचे नाव. त्याच्या बाईंनी समजावले होते की इथले डोंगर माओरी वंशांचे आहेत, तेव्हा आपल्या पूर्वजांचा डोंगर सांगावा आणि इथल्या डोंगराबद्दल फक्त "याच्या सावलीत मी वाढलो" असे म्हणावे. वहीत त्याने लिहिले आहे: डोंगर अजिंक्यतारा, नदी कृष्णा, आणि माउंगाफाऊच्या सावलीत मी वाढलो. (माउंगाफाऊ म्हणजे ऑकलंडमधला माउंट ईडन.) अजिंक्यताऱ्यावर तो आयुष्यात दोनदा गेला आहे. "आपला म्हणजे कुठला?" याचे उत्तर त्याने मला विचारण्याआधीच लिहून ठेवले होते, फक्त त्यात संघाचे नाव नव्हते.

जानेवारीत मी जाणार आहे. प्रतिज्ञापूर्वक कथन हा पर्याय घेतला आहे. आजोबांचे धोतर-टोपीतले एक छायाचित्र आहे, ते पिशवीत बरोबर नेईन.

दुसरी गोष्ट लिहिणे मला अवघड जात आहे, पण तुमच्यामुळेच ती घडली म्हणून लिहिते. गुरुवारी रात्रपाळीवरून आल्यावर घरच्या गटावर मी महिनाभरापूर्वीचा तो संदेश शोधून काढला आणि त्यालाच उत्तर लिहिले: "एजाज आठ वर्षांचा असताना त्याच्या आईवडिलांनी जे केले तेच आम्ही केले आहे. तो गद्दार असेल तर माझा मुलगाही आहे, आणि तुम्ही त्याला दिवाळीला पाठवलेले पैसे मी परत करते." गटावर चाळीस माणसे आहेत. दोन दिवस कोणीही काही लिहिले नाही, साध्या सुप्रभातचे संदेशही थांबले. ज्यांनी तो मजकूर लिहिला होता त्यांनी तो काढलेला नाही. ते वयाने मोठे आहेत, माझ्या लग्नात त्यांनी मांडवाचा सगळा भार उचलला होता, आणि हे नाते यापुढे कसे राहील ते मला माहीत नाही. शनिवारी माझ्या काकूंचा आवाजी संदेश आला. त्या गटावर कधी बोलत नाहीत. त्यांनी वादाबद्दल एक शब्दही काढला नाही. त्यांनी विचारले की नातू हल्ली गोलंदाजी कशी टाकतो, आणि त्या एजाजचा चेंडू नक्की वळतो तरी कुठे, ते त्याला मला सांगायला लाव.

त्याने सांगितले. मोसंबे हातात घेऊन, फोन उभा ठेवून, स्वयंपाकघरात दहा मिनिटे, अर्ध्या मराठीत.

लातूरच्या सरांना एक विनंती आहे. तुमच्या धावपत्रकाच्या वहीचे रकाने कसे आखले आहेत, ते कृपया कळवावे. माझी जुनी वही साताऱ्याला राहिली, आणि याला पुढच्या शनिवारी लिहायची आहे.